यंत्राला शून्यही सांगावं लागतं

१६३० हे साल जुन्नर तालुक्यातल्या पोरांना शिकवावं लागत नाही. शिवनेरी रोज डोळ्यांसमोर असतो, शिवजन्माचं साल तोंडपाठ असतं. लेण्याद्रीच्या परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत गणिताच्या सरांनी नववीच्या वर्गाला याच सालाचे चार अंक वहीत घ्यायला सांगितले. मोठ्याकडून लहानाकडे मांडले की ६३१०, लहानाकडून मोठ्याकडे मांडले की ०१३६. वजाबाकी केली, ६१७४ आले. आता या उत्तराचे अंक तसेच मांडा: ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. मग प्रत्येकानं आपापल्या मनातला चार अंकी आकडा घेतला. कुणाला तीन पायऱ्या लागल्या, कुणाला सहा. पोचले सगळे ६१७४ वरच.

हा देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा स्थिरांक. कापरेकर शाळामास्तर होते. नोकरी सांभाळून ते आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिले, आणि १९४९ साली त्यांनी हा गुणधर्म मांडला. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या गणिताच्या सदरातून कापरेकरांची ओळख करून दिली, तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचं नाव जगभर गेलं. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला गणितात स्वतःचं काही करता येतं, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण महाराष्ट्रात नाही. म्हणूनच वेबवर चालणारी ॲपलेट्स स्वतः लिहायला शिकायचं ठरल्यावर सरांनी पहिला प्रयोग कापरेकरांवर केला.

ॲपलेट म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा छोटा प्रोग्रॅम. बिंदू बोटानं ओढायचा, स्लायडर सरकवायचा, आणि आकृती, आलेख, मापं त्याबरोबर बदलताना पाहायची. सरांच्या या पहिल्या ॲपलेटमध्ये आकृतीही नव्हती. एक रकाना, एक बटण, आणि खाली एकेक पायरी लिहिली जाई. नोटपॅडमध्ये लिहिलेली एकच एचटीएमएल फाइल, त्यात थोडी जावास्क्रिप्ट. व्हॉट्सॲपवरून ती मुलांच्या घरच्या फोनवर गेली.

एका मुलीनं त्यात २१११ टाकला आणि यंत्राचं उत्तर आलं शून्य. वहीत मात्र तिला ६१७४ च मिळत होतं. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. माणूस इथे न बोलता ०९९९ लिहितो, कारण चार अंकांचा खेळ चाललाय हे त्याच्या डोक्यात असतं. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१. पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. यंत्राला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी ९९९ ही तीन अंकी संख्या, उलटसुलट केली तरी ९९९ च. वजाबाकी शून्य, खेळ खलास. सरांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: अंक चारांपेक्षा कमी असतील तर पुढे शून्य लाव. ती ओळ त्यांनी नुसती दुरुस्ती म्हणून टाकली नाही. दुसऱ्या दिवशीची अख्खी तासिका त्या शून्यावर झाली.

जुन्नरच्या मुलांना शून्याची गोष्ट सांगायची, तर तिचं पहिलं प्रकरण तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटात आहे. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नावाची नाणी यांची त्यात मोजदाद आहे, आणि ती अंकचिन्हांत आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी हे एक. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी या चिन्हांचा अभ्यास करून त्यांवर लिहिलं. या पद्धतीत दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं, चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला. त्यामुळे ४२०६ ही संख्या तीनच चिन्हांत बसते: चार हजार, दोनशे, सहा. दशकाची जागा रिकामी आहे हे सांगायची गरजच पडत नाही, म्हणून शून्याचीही पडत नाही.

सरांनी त्याचंही ॲपलेट केलं. संख्या टाका, ती नाणेघाटाच्या पद्धतीनं फोडून मिळेल. हे लिहिताना प्रोग्रॅमला उलटी सूचना द्यावी लागली: स्थानावर शून्य असेल तर काहीच लिहू नको, पुढे जा. एका प्रोग्रॅममध्ये शून्य मुद्दाम भरायचं, दुसऱ्यात मुद्दाम गाळायचं. स्थानिक किंमत फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवताना हा फरक इतका उघड कधी करावा लागला नव्हता. ॲपलेट शिकण्यातून सरांच्या हाती लागलेली खरी गोष्ट ही, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. शिक्षक फळ्याशी जे शेकडो निर्णय न बोलता घेतो, ते यंत्रापुढे एकेक करून बोलावे लागतात, आणि मुलांची गाडी नेमकी अशाच न बोललेल्या जागी अडते.

आता थोडं शिकण्याविषयी. वेबवरच्या गणिती ॲपलेट्सचा इतिहास तीसेक वर्षांचा. १९९५ साली जावा भाषा आली आणि पानाच्या आत हलती आकृती ठेवता येऊ लागली. अलेक्झांडर बोगोमोल्नी या गणितज्ञानं १९९६ पासून ‘कट द नॉट’ या नावानं अशा कोड्यांचा आणि प्रमेयांचा प्रचंड साठा एकट्यानं उभा केला. पुढे ब्राउझरांनी जावाचा आधार काढून घेतला; क्रोमनं २०१५ साली. २०२० च्या अखेरीस फ्लॅशही बंद झालं. कितीतरी चांगल्या आकृत्यांच्या जागी नुसते करडे चौकोन उरले. त्यातून सरांनी एक धडा घेतला: ब्राउझरला जे वेगळं काही न जोडता कळतं, त्यातच लिहायचं.

आकृत्यांची सुरुवात मात्र त्यांनी जिओजेब्रापासून केली, आणि ती योग्यच होती. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यानं २००१ च्या सुमारास आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर आणायचं, ही त्यामागची कल्पना. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जिओजेब्राचे धडे आहेत, मराठी निवेदनासह. दहाएक मिनिटांचा धडा अर्ध्या पडद्यावर लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून पाहायचं, असं ते शिकणं. तालुक्याच्या ठिकाणी राहून, क्लास न लावता शिकायचं म्हटलं, तर मराठीतून याहून सोपी वाट सापडणं कठीण. ‘फेट’ची सिम्युलेशन्सही मराठीत आहेत. नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडोत तो प्रकल्प सुरू केला. तयार माल असा भरपूर असताना स्वतः कशाला करायचं, असं सहकारी विचारत. त्यांना उत्तर मिळालं ते दहावीच्या ‘वर्तुळ’ प्रकरणात.

अंतर्लिखित कोनाचं प्रमेय. वर्तुळावर अ आणि ब हे बिंदू ठेवले, तिसरा बिंदू क वर्तुळावर फिरता ठेवला, आणि कोन अकब चं माप पडद्यावर दाखवलं. प्रोजेक्टरवर एका मुलाला क ओढायला बोलावलं. बिंदू फिरतोय, रेषा वळताहेत, माप ५२ अंशांवरच. वर्गातून आवाज आला, “सर, अडकलंय!”

अडकलं नव्हतं, तेच तर प्रमेय होतं. पण मुलांचा अनुभव असा, की चालू असलेल्या यंत्रात आकडे बदलतात, न बदलणारा आकडा म्हणजे बिघाड. सरांनी तिथेच अ आणि ब हेही ओढू दिले. माप बदलू लागलं. मग पुन्हा फक्त क. माप थांबलं. क सरकत सरकत ब च्या पलीकडे, दुसऱ्या कंसावर गेला आणि ५२ चे एकदम १२८ झाले. “एकाच कंसात” ही पुस्तकातली अट मुलं एरवी वाचून पुढे जातात. इथे ती अट उडी मारून समोर आली. दोन्ही मापांची बेरीज १८० आहे हे कुणीतरी लगेच हेरलं, आणि चक्रीय चौकोनाचं प्रमेय पुस्तकात यायच्या आधीच वर्गात आलं.

ही उडी दिसावी म्हणूनही सरांना खटपट करावी लागली होती. जिओजेब्रात कोन घड्याळाच्या उलट दिशेनं मोजला जातो. बिंदू कोणत्या क्रमानं निवडले यावर ५२ येणार की ३०८ हे ठरतं. कोपऱ्यात एखादा कंस काढून आपण ‘हा कोन’ म्हणतो, तेव्हा दोनपैकी कोणता ते डोळ्यांना कळतं. यंत्राला क्रम सांगावा लागतो. तयार ॲपलेट वापरणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला हा प्रश्न येत नाही, आणि म्हणून तो वर्गातही येत नाही.

लेण्याद्रीच्या डोंगरात तीसएक बौद्ध लेणी आहेत. सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज, त्यामुळे पायऱ्यांवर कायम वर्दळ. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे, गजपृष्ठाकार छताचं, दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांबांची रांग. मुलं लहानपणापासून तिथे जातात. सरांनी विचारलं, चौकोनी दगडाचे कोपरे किती छाटले की आठही बाजू सारख्या होतील? यातून त्यांचं सगळ्यात चांगलं ॲपलेट झालं, आणि ते वर्गात अनेक दिवस पुरलं.

चौरसाची बाजू १०० एकक धरली. प्रत्येक कोपऱ्यापासून क्ष एवढं अंतर छाटायचं, क्ष स्लायडरवर. मूळ बाजूचा उरलेला तुकडा १०० वजा २क्ष. छाटलेल्या कोपऱ्याची तिरकी बाजू पायथागोरसनं क्ष गुणिले वर्गमूळ दोन. दोन्ही लांब्या सारख्या झाल्या, की पडद्यावर ‘आठही बाजू समान’ असं उमटावं, अशी सरांची योजना. क्ष २९ ठेवला तर एक बाजू ४२ आणि दुसरी ४१.०१. क्ष ३० केला तर ४० आणि ४२.४३. उत्तर मधे कुठेतरी होतं. स्लायडरची पायरी बारीक केली. २९.२९ वर दोन्ही आकडे ४१.४२ दिसले. संदेश मात्र उमटला नाही.

“दोन्ही सारखेच आहेत की सर, मग समान का म्हणत नाही?”

सरांनी दशांशस्थळं वाढवली. ४१.४२०० आणि ४१.४२२३. अजून बारीक गेले: क्ष २९.२८९३, बाजू ४१.४२१४० आणि ४१.४२१३३. मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून फोनात डोकावत होती. एका मुलानं विचारलं, हे कधी जुळणारच नाही का? तिथे नववीचं ‘वास्तव संख्या’ प्रकरण उघडलं. क्ष ही परिमेय संख्या असेल, तर १०० वजा २क्ष परिमेय. पण क्ष गुणिले वर्गमूळ दोन अपरिमेय. दोन्ही समान होणं शक्य नाही. स्लायडर कितीही बारीक केला, तरी त्याची प्रत्येक पायरी परिमेय संख्येवरच पडते. नेमकी जागा आहे १०० भागिले (२ अधिक वर्गमूळ दोन), आणि त्या जागेवर स्लायडर कधीच थांबत नाही.

कंपास मात्र थांबतो. चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यात टोक रोवून अर्ध्या कर्णाएवढ्या त्रिज्येनं कंस मारायचे. बाजूंवर जिथे छेदतील ते आठ बिंदू म्हणजे अष्टकोनाचे शिरोबिंदू. पट्टीवर एकही आकडा वाचायचा नाही. फोनवरून सुरू झालेला प्रश्न कंपासपेटीत येऊन सुटला, याचा सरांना झालेला आनंद त्यांच्या बोलण्यात आजही जाणवतो.

यानंतर त्यांनी एक निर्णय घेतला, त्याचं कौतुक करायला हवं. प्रोग्रॅमर अशा वेळी सवलत ठेवतात: फरक अमुक इतक्याहून कमी असेल तर समान समज. एका ओळीचं काम होतं. सरांनी ते केलं नाही. ‘समान’ हा संदेशच काढून टाकला आणि त्याजागी दोन बाजूंमधला फरक दाखवायला सुरुवात केली. २९ वर अधिक ०.९९, ३० वर वजा २.४३. चिन्ह पालटतं त्या दोघांच्या मधे उत्तर आहे, हे पाहून मुलं अंतर निम्मं-निम्मं करत आत शिरू लागली. आसन्न उत्तर शोधायची ही जुनी रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती.

असंच एकदा त्रिकोणाच्या कोनांचं. मापं पूर्ण अंशांत दाखवली, तर ६०.६, ६०.६ आणि ५८.८ हे कोन ६१, ६१ आणि ५९ दिसतात, बेरीज १८१. ज्या वर्गानं ही बेरीज पाहिली, त्याला सिद्धता का लागते हे निराळं समजवावं लागलं नाही. हलती आकृती विश्वास देते, शंकाही देते, पण सिद्धता देत नाही. सर ॲपलेट नेहमी सिद्धतेच्या आधी दाखवतात, तिच्याऐवजी कधीच नाही. शिवाय दाखवण्याआधी वहीत अंदाज लिहून घेतात. अंदाज न लिहिता स्लायडर हाती दिला, की पोरं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा सरकवतात आणि म्हणतात, झालं.

अडचणी बारीकसारीक पण खऱ्या होत्या. प्रोजेक्टर एक, वर्ग अनेक, पोर्शन ठरलेला. फोनवर बोटाखाली बिंदूच झाकला जाई, म्हणून बिंदू मोठे करावे लागले आणि त्यांची नावं वर सरकवावी लागली. मराठी कळफलकावरून कुणी १६३० लिहिलं, की जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानायलाच तयार नसे. गंमत म्हणजे हीच भाषा उत्तर मराठी आकड्यांत छापून द्यायला तयार असते, वाचायला मात्र नाही. प्रत्येक देवनागरी अंकाचं रूपांतर करणारी छोटी तरतूद सरांनी लिहिली, आणि आता ती त्यांच्या प्रत्येक फाइलमध्ये असते. मराठी माध्यमाच्या मुलाला आकडा टाकण्यासाठी कळफलक बदलावा लागू नये, यासाठी घेतलेली ही मेहनत लहान नाही.

खोडद सरांच्या शाळेपासून फार लांब नाही. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, नारायणगावच्या परिसरात इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी वापरून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या. रेडिओलहरी लांब असल्यानं जाळीतून निसटत नाहीत. थाळीचा आकार अन्वस्ताचा, नाभी तळापासून सुमारे साडेअठरा मीटरवर. म्हणजे समीकरण जवळपास य = क्ष² / ७४, आणि कडेची उंची २२.५ चा वर्ग भागिले ७४, सुमारे ६.८ मीटर.

हे समीकरण सरांनी जसंच्या तसं लिहिलं तर पडद्यावर थाळी पालथी पडते. ब्राउझरच्या कॅनव्हासवर य अक्ष वरून खाली वाढतो. आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात. फळ्यावर वर म्हणजे धन, हा संकेत आहे, निसर्गनियम नाही, हे मुलांना सांगायला याहून चांगली संधी मिळाली नसती. ती पालथी थाळी सरांनी आधी तशीच दाखवली, आणि सुलटी करायला कुठे वजा चिन्ह लागेल ते वर्गाला विचारलं.

मग वरून समांतर किरण सोडले. किरण २० मीटर उंचीच्या रेषेपासून निघतो, जाळीवर आपटतो, नाभीत पोचतो. प्रत्येक किरणाची एकूण लांबी शेजारी लिहिलेली. मधला किरण: २० खाली, १८.५ वर, ३८.५. कडेचा किरण: १३.१६ खाली, २५.३४ तिरका, पुन्हा ३८.५. किरण ओढून कुठेही न्या, तेच. यावेळी ‘अडकलंय’ असं कुणी म्हणालं नाही. “का?” असं विचारलं. सगळ्या लहरी नाभीत एकाच वेळी पोचल्या नाहीत तर त्या एकमेकींना पुसतील, आणि दुर्बीण आंधळी होईल. खगोलशास्त्रज्ञांना जो आकार हवा होता, तो या न बदलणाऱ्या बेरजेसाठी हवा होता.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला शाळा-महाविद्यालयांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. त्यासाठी सरांच्या वर्गाचं नवं ॲपलेट सुरू आहे. दुर्बिणीतल्या अँटेना दोन-दोनच्या जोडीनं एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. तीस अँटेनांच्या जोड्या ४३५. पडद्यावर ठिपका ठेवला, की आधीच्या प्रत्येक ठिपक्याशी रेघ जोडली जाते. पहिल्या आवृत्तीत कोपऱ्यात रेघांची एकूण संख्या आपोआप दिसे. सर आता ती काढून टाकताहेत. पाच ठिपक्यांपर्यंत मुलांनी रेघा बोटांनी मोजायच्या, सहावा ठेवण्याआधी अंदाज रकान्यात लिहायचा, आणि अंदाज लिहिल्याशिवाय पुढचा ठिपका ठेवता येणार नाही. एकतिसावी अँटेना बसवली तर किती जोड्या वाढतील, हा प्रश्न एका मुलीनं सुचवलाय. तो शेवटच्या बटणावर येणार आहे.